आधी मेंढ्यांना पानी

(सांगणारे : इसाकचाचा, रत्नागिरीच्या एका खाडीकाठचे, कुवेतच्या वाळवंटातल्या कुंपणाचे जुने राखणदार)

काय सांगू तुमाला, आमच्याकडं झाड म्हनजे कटकट. पाऊस सरला की घरामागं रान कमरेएवढं, परसातली वाट दिसायची नाय, कोयता घेऊन तोडत बसायचं, नि तोडून घरात येईपर्यंत मागं परत उगवलेलं. मी आनि माजा धाकटा भाव युसुफ, आमी ऐनाच्या झाडावर चढून कवळ तोडायचो, म्हनजे पाल्यासकट फांद्या, त्या सुकवून भाताच्या रोपाच्या जागेवर जाळायच्या. आख्खं झाड बोडकं करून उतरायचो. आई खालून ओरडायची, अरे शेंड्याला तरी ठेवा काय, आमी हसायचो, कारन पुढल्या पावसाला झाड परत होतं तसं. आनि जनावराचं काय, हिरवं दिसलं की दावं सोडायचं, एवढीच आमची अक्कल, आनि इकडं तेवढी पुरत होती.

बाप मचव्यावर खलाशी होता, आमी लहान असताना दर्यात गेला, त्याची कबरपन नाय. आईनं सुकी मासळी विकून आमाला वाढवलं. मग गावात कुवेतचं नाव निघायला लागलं. खाडीपलीकडचा करीम, आमच्याहून थोडा मोठा, इथं असताना लोकांच्या होड्या ओढायचा, तो तिकडं गेला नि करीमशेठ झाला. सुट्टीवर आला की त्याच्या अत्तराचा वास त्याच्या आधी मशिदीत यायचा. आईनं त्याच्यापुढं पदर पसरला, माज्या पोरांना घेऊन जा. त्यानं आधी मला नेलं, मग एक-दोन वर्सांनी युसुफला. उपकार केले, ते मी नाकारत नाय, लिवा तुमी, उपकार केले. मुंबईहून बोटीनं गेलो, डेकवर चटई टाकून, उलट्या करत. तिकडं तेव्हा आपलाच रुपया चालायचा, म्हनून मला वाटलं मुलूखपन आपल्यासारखाच असंल. उतरलो नि बघतो तर काय, झाड नाय. जिथवर नजर जाते तिथवर झाड नाय. युसुफ आला तेव्हा बोलला, भाय, हितं आईनं कशावर ओरडायचं?

हसरा होता तो. सगळ्यात हसरा तोच होता आमच्यात.

मी फहाहीलला तेलकंपनीच्या मेसमध्ये लागलो, भांडी घासायला. त्याच मेसला करीमशेठ गोश्त पुरवायचा. बसऱ्याकडून मेंढ्या मागवायचा, गावाबाहेर वाळवंटात त्याचा मेंढ्यांचा वाडा होता, तिथं त्या चरवायच्या, पोसायच्या, नि लागतील तशा आनून कापायच्या. युसुफला त्यानं त्या वाड्यावर ठेवला. सोबतीला एक बलुची गडी. दोघं तंबूत राहायचे, पानी लॉरीतून पिंपांत भरून यायचं, मेंढ्यांचं नि मानसांचं एकाच खेपेला. मी शेठला बोललो होतो, पोरगा नवीन हाय, त्याला तिकडचं ऊन ठावं नाय, त्याला दुकानात घ्या. शेठ बोलला, इसाक, मी काय त्याला खातो काय.

आता पुढलं मी डोळ्यांनी बघितलेलं नाय, त्या बलुचीनं मला कुरानाची शपथ घेऊन सांगितलेलं हाय. भर उन्हाळा. तिकडचा उन्हाळा तुमाला सांगून कळनार नाय, लोखंडाला हात लावला तर कातडी चिकटते. युसुफला ऊन लागलं, आदल्या दिवसापासून तंबूत पडून, अंग भट्टी झालेलं, काहीबाही बरळायला लागलेला, आईला हाका मारायचा. पानी संपलेलं. दुपारच्या आधी लॉरी आली, शेठ स्वतः आला. बलुची धावत गेला, शेठ, पोरगा जातो हातचा, पानी द्या नि लॉरीत घाला, दवाखान्यात नेऊ. शेठ काय बोलला? आधी मेंढ्यांना पानी. उद्या मेसला द्यायच्या हायत, सुकलेली मेंढी साहेब घेत नाय. सगळी पिंपं हौदात रिकामी केली, मेंढ्या अशा तुटून पडल्या की बलुचीला मधे शिरून गढूळ पान्याचा एक डबा मिळाला. मग लॉरीत मेंढ्या चढवल्या. युसुफला जागा नाय. शेठ बोलला, दुसऱ्या खेपेला नेतो, जवान पोरगा हाय, नाटक करतो. दुसरी खेप आली तेव्हा माजा युसुफ गेलेला होता.

तिकडच्याच मातीत ठेवला त्याला. तिसऱ्या दिवशी जियारत, म्हनजे गेलेल्यासाठी दुवा नि जेवन, तर करीमशेठनं काय करावं, जियारतीच्या जेवनाला सोललेली मेंढी पाठवली. त्याच वाड्यावरची. त्याच हौदावर पानी प्यालेली. मी ती खांद्यावर टाकली, भर बाजारातून चालत गेलो नि त्याच्या दुकानाच्या दारात आपटली. लोक बोलले, इसाक, अल्लाच्या अन्नाचा असा अपमान करू नये. मी बोललो, करीन. बलुची साक्ष द्यायला तयार होता, पन ऐकनार कोन? शेठचा कफील, म्हनजे ज्याच्या नावावर त्याचा धंदा होता तो अरब, मोठा मानूस. बलुचीलाच परत धाडून दिला. आनि शेठनं गावी आईला निरोप धाडला, अल्लाची मर्जी. अल्लाचं नाव घेऊन निरोप धाडला त्यानं.

मला सुरा माहीत होता, मेसमध्ये काय कमी सुरे. पन मग मला लटकवला असता, नि आईला कोन? म्हनून गप राहिलो. लोकांना वाटलं इसाक थंड पडला. मी थंड पडलो नव्हतो, साहेब. मी भांडी घासत होतो नि वाट बघत होतो.

आता कुंपनाचं सांगतो. रुपया जाऊन दिनार आला, त्याच्या थोडं पुढची गोष्ट. त्या वाळवंटाला अरब लोक बर्र बोलतात. आपल्याला वाटतं तिथं नुसती वाळू, पन तसं नाय. पूर्वी तिथं झुडपं होती, गुडघ्याएवढी, कोसच्या कोस. अरफज नाव त्याचं. हिवाळ्यात पाऊस पडला, आनि तिकडचा पाऊस म्हनजे आपल्याकडं मानूस छत्रीपन उघडनार नाय एवढा, तरी तेवढ्यावर अरफज पालवायचा, वसंतात पिवळी फुलं, मैलभर वास. उन्हाळा आला की पानं टाकून द्यायचा, नुसत्या करड्या काटक्या, कोनीपन बोलंल मेला. मेलेला नसतो तो, निजलेला असतो. बदू लोक, म्हनजे तंबूतले अरब, त्यांची उंटं-मेंढरं त्याच्यावर जगायची, पन पानी संपलं की ते तंबू उचलून पुढं जायचे, मागच्या जमिनीला विसावा मिळायचा. मग तेलाचा पैसा आला, लॉऱ्या आल्या, टँकर आले. पानी मेंढ्यांकडं चालत यायला लागलं, मग मेंढ्या कशाला हलतात? एकाच जागी बसल्या नि मुळापर्यंत खाल्लं. वर लाकूडवाल्यांनी लॉऱ्या भरभरून अरफज उपटला, भट्ट्यांना जाळायला. वाळूला धरून ठेवनारं कोनी राहिलं नाय. धुळीचं वादळ उठलं की दुपारी दिवे लावावे लागायचे, रस्त्यावर वाळूचे ढीग, भाकरीत वाळू.

तेव्हा सरकारी शेतकीच्या साहेबांनी बर्रचा एक तुकडा तारेनं बंद केला. आत कोनाचं जनावर नाय, काय उगवतं ते बघायचं. त्याला राखनदार पाहिजे होता. एकटं राहायचं म्हनून कोनी तयार नव्हता. मी गेलो, मागून घेतली ती नोकरी. का? कारन तिथून करीमशेठचा मेंढ्यांचा वाडा दिसायचा. रोज सकाळी उठून मला तो दिसायला पाहिजे होता.

पहिल्या वर्सी आत काय नाय, बारीक तन आलं नि करपलं. दुसऱ्या पावसाला मी बघतो तर जुन्या बुंध्यांभोवती जे वाळूचे उंचवटे असतात ना, त्यातून अरफजचे कोंब. बी त्यात अडकून पडलेलं असतं. पुढं तारेच्या आत पिवळं नि तारेच्या बाहेर तळहातासारखं उघडं. माज्या डोळ्यांत पानी आलं. मी, ज्यानं ऐनाची झाडं बोडकी केली, तो एका काटकीसाठी रडतो. युसुफ असता तर किती हसला असता.

शेजारी मुतलक नावाचा एक म्हातारा बदू तंबू टाकून असायचा. तोडक्यामोडक्या अरबीत नि हातवाऱ्यांनी आमचं चालायचं. त्याच्याकडं एक शेळी होती. एकदा भर उन्हाळ्यात मला वाटलं बिचारी सुक्या काटक्या चघळते, कुंपनापलीकडं दर्याच्या बाजूला एक सखल जागा होती, तिथं उन्हाळ्यातपन हिरवीगार रसरशीत झुडपं, मी त्यातला भारा तोडून आनला नि तिच्यापुढं टाकला. मुतलकनं काठी फेकून मारली मला! धावत आला, भारा लाथेनं उडवला, एक डहाळी माज्या तोंडात कोंबली, चाव बोलला. चावली तर मीठ. तोंड आवळलं. त्याला हम्द बोलतात, खारी झाडं. उंट त्यातलं थोडं खातो नि वर पोटभर पानी पितो, त्याला चालतं. पन भुकेली मेंढी त्याच्यावर सोडली नि पानी जवळ नसलं तर पोटात आग पडते, पानी पानी करत मरते. म्हनून कोनताच बदू भुकेली मेंढरं तिकडं फिरकू देत नाय. मुतलक मला बोलला, तुमी हिंदी लोक हिरवं बघून येडे होता. खरं बोलला.

मग एक वरीस असं आलं की हिवाळ्यात पाऊसच नाय. ढग यायचे नि दर्यावर निघून जायचे. बर्र सगळी उघडी पडली. करीमशेठच्या मेंढ्यांच्या फासळ्या दिसायला लागल्या. बसऱ्याकडून मोठी खिल्लारं आनून ठेवली होती त्यानं, मेसचा मोठा ठेका घेतलेला, शब्द देऊन बसलेला. उन्हाळ्याच्या तोंडाला तो माज्या कुंपनाशी आला. इतक्या वर्सांनी पहिल्यांदा माज्या दारात. इसाक, बोलला, आपन एका खाडीचे, थोडी मेंढरं आत सोडू दे. मी बोललो, सरकारी हुकूम हाय, शेठ. तो तारेतून बघत राहिला. आत अरफज पानं टाकून निजलेला, करड्या काटक्या. तो थुंकला नि बोलला, राहू दे तुज्या काटक्या, हितं हाय काय खायला. आनि मग त्याची नजर पलीकडं गेली, त्या सखल जागेकडं. हिरवीगार. बोलला, ती कोनाची?

कोनाची नाय शेठ, मी बोललो, मोकळी हाय.

तो हसला. बोलला, हे बदू किती बावळट बघ, एवढं हिरवं सोडून जनावरांना काटक्या चारतात, जंगली ते जंगलीच. तुमी मला विचाराल, तेव्हा तू काय बोललास इसाकचाचा? मी बोललो, खरं हाय शेठ. एवढंच बोललो. त्याला हम्द ठावी नव्हती, कारन त्यानं कधी कोना बदूला चहाला बोलावलं नाय, इतकी वर्सं मेंढ्या कापल्या पन मेंढी काय खाते ते बघितलं नाय. तो खाडीकाठचा होता नि हिरवं म्हनजे चारा. मीपन तसाच होतो, पन मला काठी मारनारा कोनीतरी होता. मुतलक तेव्हा विहिरीकडं गेलेला, नायतर त्यानं शेठलापन काठी मारली असती.

दुसऱ्या दिवशी सगळी मेंढरं त्या हिरव्यात घातली. काय खाल्लं त्यांनी! मी तारेशी उभा राहून बघत होतो. शेठ लॉरीच्या सावलीत बसून सिगारेट ओढत होता, खुशीत. दुपार कलली नि त्या हिंडायच्या थांबल्या. मग ओरडायला लागल्या. माना खाली, तोंडाला फेस, एकमेकींवर आपटायला लागल्या. शेठ उठला, ड्रायव्हरला बोलला पानी आन, लॉरी काढली, तर ती खारी जमीन वरून टनक नि आत चिखल, चाकं बुडाली आसापर्यंत. आता लॉरी नाय, पानी नाय. माज्या झोपडीशी शेतकीची मोठी टाकी होती, रोपांसाठी, काठोकाठ भरलेली. ती त्यानं बघितली होती.

धावत आला. तो जाडा मानूस, धावत, टोपी पडली तरी उचलली नाय. इसाक, पानी दे, पाइप सोड, मरतात बघ. मी बोललो, शेठ, बसा. मी पेला घासला, स्वच्छ पान्यानं भरला, त्याच्या हातात दिला. बोललो, प्या. तो बोलला, मला नको रे, मेंढ्यांना! मी बोललो, आधी मानसाला पानी. तुमी प्या पोटभर, अजून देतो, मानसाला मी पानी नाकारत नाय. मेंढ्यांचं दुसऱ्या खेपेला बघू.

तेव्हा त्याला कळलं. मी बघितलं ना त्याच्या तोंडाकडं, त्याला कळलं. पाया पडला माज्या. मी पाय मागं घेतले नाय. आनि काय सांगू तुमाला, तहान त्यालापन लागली होती, त्या मेंढ्या समोर ओरडत असताना तो तो पेला प्याला. मी दुसरा भरून दिला. तोपन प्याला. टाकीला मी कुलूप घातलं नि किल्ली कमरेला लावली.

खिल्लारातली थोडीच वाचली. मेसचा ठेका गेला, कफीलनं हात काढून घेतला, दुकान गेलं. पुढल्या वर्सी तो बोटीनं गावी परत आला, अत्तर-बित्तर काय नाय.

मुतलक परतला नि त्यानं ती मेलेली मेंढरं बघितली. मला बोलला, तुजं वैर मानसाशी, मुक्या जनावराशी काय होतं? त्यानंतर त्यानं माज्या हातचा चहा घेतला नाय. ते मला लागलं, अजून लागतं. मेंढ्यांचा गुन्हा नव्हता, मला मान्य हाय. पन पस्तावा? नाय. तुमी लिवताना शेवटी पस्तावा घालाल, घालू नका. माज्या भावाचा काय गुन्हा होता? युसुफ गेल्यापासून त्या रात्री मी पहिल्यांदा पोटभर जेवलो, हे लिवा.

कुंपनाचं म्हनाल तर मी तिथं अजून बरीच वर्सं होतो. अरफज वाढला, ससे आले, सरडे आले, पक्षी घरटी करायला लागले. मी गावी परत आलो नि पुढं कोनी तार कापली म्हनतात, मेंढरं शिरली, उपटून नेलं. माजा पोरगा आता तिकडंच हाय, अब्बासियाला, नातवंडं फोनवर विंग्रजीत बोलतात. मी त्यांना विचारतो, बर्रात पिवळी फुलं येतात काय रे, तर बोलतात, दादा, आमी मॉलला जातो.

करीमचं सांगतो नि संपवतो. मागं तो हजला निघाला. हजला जायच्या आधी आमच्यात घरोघरी जाऊन माफी मागतात, तसा माज्या दारातपन आला. बोललं-चाललं माफ कर इसाक. मी बोललो, करीम, कशाची माफी, ते बोल. तो बोलला, तुज्या भावाचं ते झालं ना. मी बोललो, त्याचं नाव घे नि माफी माग, आत्ता देतो. तो इकडं बघतो, तिकडं बघतो. याकूब ना? बोलला. मग इस्माइल बोलला. आनि लगेच मेंढ्यांवर आला, ती काळ्या तोंडाची आधी पडली, तो मोठा एडका सगळ्यात शेवटी गेला, सगळं ध्यानात. मेंढ्या ध्यानात, माजा भाव नाय. मी दार लावून घेतलं.

आता तो बिछान्याला हाय, खूप दिवस झाले. खात नाय, बोलतो तर धड कळत नाय, पन जातपन नाय. आमच्याकडं समजतात की कोनाची माफी राहिली असली की जीव अडकतो. परवा त्याचा पोरगा आला, डोळे पुसत माज्या पायाशी बसला, चाचा, अब्बांचे हाल बघवत नाय, त्यांच्यासाठी दुवा करा. भला पोरगा हाय, त्याचा काय दोष. मी हात वर केले नि मोठ्यानं बोललो, या अल्ला, करीमला उमर दे, लांब उमर दे. पुढलं मनात बोललो, युसुफचं नाव त्याच्या तोंडून निघेपर्यंत त्याला नेऊ नकोस. पोरगा बाजूला बसून आमीन, आमीन करत होता.